भीमेतील मऊ पाठीचे कासव

भीमा नदीच्या खोऱ्यात आढळणारे गोड्या पाण्यातील मोठे कासव. शास्त्रीय नाव निल्सोनिया लीथी. ते फक्त द्वीपकल्पीय भारतातील नद्यांत व जलाशयांत राहते, जगात इतरत्र कोठेही नाही. कासव म्हटले की सोलापूरकराला आधी देवळाच्या सभामंडपातले दगडी कासव आठवते, मग विहिरीतले, मग वर्तमानपत्रात वाचलेले कोकण किनाऱ्यावरचे. भीमेतले कासव शेवटी येते. खरे तर लक्ष देण्याची गरज त्यालाच मोठी आहे.

जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८७२ मध्ये या जातीचे वर्णन केले, ते पुण्याच्या नमुन्यावरून. मुंबई इलाख्यातील डॉक्टर लीथ यांचे नाव तिला मिळाले. मुळा-मुठेचे पाणी भीमेला मिळून उजनीत येते, म्हणजे विज्ञानाला या कासवाची ओळख झाली ती सोलापूरच्याच नदीच्या वरच्या अंगाला.

इतर कासवांच्या पाठीवर असतात तशा कठीण शिंगी ढालपट्ट्या याला नसतात. पाठीवर चामड्यासारखी कातडी ताणलेली असते, नाकपुड्या सोंडेसारख्या पुढे आलेल्या असतात आणि बोटांमध्ये पडदे असतात. तळाच्या वाळूत अंग गाडून घ्यायचे, मान लांबवून नाकाचे टोक तेवढे पाण्याबाहेर काढायचे, ही याच्या कुळाची रीत. या कुळातील कासवे घशातील अस्तरातून आणि कातडीतूनही पाण्यातला प्राणवायू घेतात. पिल्लांच्या पाठीवर डोळ्यांसारखे गोल ठिपके असतात, ते वयाबरोबर पुसट होतात. या कुळाच्या प्रत्येक पायाला तीनच नख्या असतात, म्हणजे एकूण बारा. ‘एकवीस नखी’ कासवाने पैशांचा पाऊस पडतो असे सांगून कासवे विकणाऱ्यांना हे मोजून दाखवावे. अशा फसवणुकीत जीव कासवाचाच जातो.

विहिरीत व तळ्यात दिसणारी कासवे बहुधा वेगळ्या जातीची असतात. त्यांतले झडपेचे कासव मागचे पाय कातडी झडपांखाली झाकून घेते आणि उन्हाळ्यात चिखलात गाडून राहते. पाणी स्वच्छ राहावे म्हणून विहिरीत कासव सोडण्याची चाल जुनी आहे. पण पायऱ्या नसलेल्या विहिरीतून मादीला अंडी घालायला बाहेर येता येत नाही, हे सोडणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

लीथच्या कासवाची संख्या तीस वर्षांत सुमारे ९० टक्क्यांनी घटल्याचा अंदाज आहे. मांसासाठी व पाठीच्या कडेच्या कूर्चेसाठी, म्हणजे लवचीक मऊ हाडासाठी, त्याची चोरटी शिकार झाली. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवले आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामा येथे साइटीज या वन्यजीव-व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या परिषदेत भारताच्या प्रस्तावावरून ही जात दुसऱ्या परिशिष्टातून पहिल्यात गेली आणि तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद झाला. देशात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे.

सोलापूर जिल्ह्यात शिकारीइतकाच प्रश्न वाळूचा आहे. या कासवाला लपायला, ऊन खायला, अंडी घालायला वाळू लागते, आणि वाळूउपशात नेमकी तीच जाते. उरतात खड्डे, खडक आणि गाळ. दुसरा प्रश्न पाण्याच्या वेळापत्रकाचा. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. तेव्हापासून खालच्या भीमेचे पाणी पावसाइतकेच आवर्तनांवर, म्हणजे धरणातून ठरवून सोडलेल्या पाण्यावर, चालते: पंढरपूरच्या वारीसाठी, शेतीसाठी, सोलापूर शहराच्या पिण्यासाठी औज बंधाऱ्यापर्यंत. कोरडे पात्र एका रात्रीत भरते. वाळूतली अंडी पाण्याखाली राहिली तर आतले जीव गुदमरतात. शहराला पाणी हवेच. मात्र सोडण्याआधी काठावरची घरटी पाहून घेणे अवघड नाही.

कोकणात २००२ मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासच्या गावकऱ्यांसह ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. तिथे पहाटे वाळूवर मादीची वाट उमटलेली दिसते, त्यावरून घरटे सापडते आणि अंडी कुंपणात हलवता येतात. पायाला धातूचा बिल्ला लावून मादी ओळखता येते. ओडिशात २०२१ मध्ये बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली ती अशीच. नदीत हे सगळे जसेच्या तसे चालत नाही. कठीण पाठीच्या कासवांच्या कवचाच्या कडेला खाच पाडून खूण करतात, पण मऊ पाठीला कडेच्या ढालपट्ट्याच नाहीत, म्हणून कातडीखाली सूक्ष्म चिप बसवावी लागते. समुद्री कासवांत पिल्लू नर की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरते, साधारण २९ अंशांच्या वर माद्या जास्त. मऊ पाठीच्या ज्या जाती अभ्यासल्या गेल्या त्यांत ते गुणसूत्रांवर ठरते. म्हणून इथे राखणदाराला उन्हापेक्षा पाण्याची काळजी जास्त.

नदीवर रोज असणारा माणूस मासेमार. जाळ्यात अडकलेले कासव वर येऊन श्वास घेऊ शकले नाही तर बुडून मरते, त्यामुळे जाळी वारंवार तपासावी लागतात. सापडलेले कासव मागच्या बाजूने धरावे, कारण त्याची मान लांब पोहोचते आणि चावा जबर असतो. त्याला विहिरीत किंवा देवळाच्या तळ्यात नेऊ नये. जाळे कापून, फोटो काढून, जिथे मिळाले त्याच डोहात सोडावे आणि वन विभागाला जागा कळवावी.