पांढरी रेघ गाडीला जवळ आणते

मी मेलबर्नमध्ये रोज सायकलनं कामाला जाते. मराठी मित्रमंडळींत हा विषय निघाला की गाडी चालवणारं कुणीतरी हमखास म्हणतं, "लेन दिलीय ना तुम्हाला? मग आणखी काय हवं?" विचारणाऱ्याला खरंच तसं वाटत असतं. रस्त्याच्या कडेला दीडेक मीटरचा पट्टा आखला, त्यावर सायकलचं चित्र काढलं, की सायकलवाल्याची सोय झाली असं कुणालाही वाटेल. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं.

याच शहरातल्या मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी ते मोजून पाहिलं. 60 जणांच्या सायकलींना अंतर मोजणारं यंत्र लावलं आणि त्यांना आपापल्या नेहमीच्या रस्त्यांवर जाऊ दिलं. 422 फेऱ्यांमध्ये 18,527 गाड्या त्यांना मागे टाकून गेल्या. 2019 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दर सतरा गाड्यांमागे एक गाडी मीटरभराच्याही आतून गेली होती. चक्रावून टाकणारा आकडा त्याच्या पुढचा आहे. लेन आखलेली नाही आणि कडेला गाड्याही उभ्या नाहीत, अशा रस्त्यावर गाड्या जितकं अंतर ठेवत, त्यापेक्षा आखलेल्या लेनशेजारून जाताना त्या सरासरी 27 सेंटिमीटर जवळून गेल्या. लेन आहे आणि कडेला गाड्याही उभ्या आहेत, तिथे 40 सेंटिमीटर जवळून. म्हणजे रंगाच्या पट्ट्यामुळे वीतभर, आणि पार्किंगची भर पडली की जवळजवळ हातभर जागा गेली.

असं का व्हावं? रेघ नसते तेव्हा पुढची सायकल चालकाच्याच वाटेत असते. तिला ओलांडायचं तर आरशात बघावं लागतं, वेग कमी करावा लागतो, किती लांबून जायचं ते ठरवावं लागतं. रेघ आली की हा विचारच थांबतो. चालक आपल्या लेनमध्ये सरळ जात राहतो. त्याच्या लेखी तो कुणाला ओलांडतच नसतो. त्याची नजर रेघेवर असते आणि रेघ पाळली म्हणजे नियम पाळला असं त्याला वाटतं. यात दुष्टपणा नाही. रस्ता जसा आखलाय तसा तो चालवतोय.

आता रेघेच्या अलीकडे या. डावीकडे उभ्या गाड्यांची रांग, उजवीकडे धावती वाहनं, मध्ये मी. उभ्या गाडीत कुणी बसलंय का, ते मागच्या काचेतून ओळखायला मी शिकले आहे. डोकं दिसतंय? ब्रेकचे दिवे आत्ताच विझले? चालकाचं दार पूर्ण उघडलं तर मीटरभर बाहेर येतं, म्हणजे दीड मीटरच्या लेनमधली बहुतेक जागा संपली. ताशी 20 किलोमीटरनं जाणारी सायकल सेकंदाला साडेपाच मीटर जाते. दार दिसून ब्रेक दाबेपर्यंत सेकंद जातो, तोवर एका मोटारीच्या लांबीहून जास्त अंतर मागे पडलेलं असतं.

त्यातून सायकल वळते तीही विचित्र पद्धतीनं. उजवीकडे झटकन वळायचं तर हँडल आधी क्षणभर डावीकडे जावं लागतं. चाकं डावीकडे सरकली की शरीर उजवीकडे कलतं आणि मग सायकल त्या बाजूला वळते. हे आपण नकळत करतो. विमानाआधी सायकली बनवणाऱ्या विल्बर राइट यांनी डझनावारी सायकलस्वारांना विचारलं होतं, की डावीकडे वळताना तुम्ही नेमकं काय करता? एकालाही सगळं बरोबर सांगता आलं नाही. मेलबर्नच्या लेनमध्ये याचा अर्थ फार कठोर होतो. उघडलेलं दार चुकवण्यासाठी चाक आधी किंचित त्या दाराकडेच न्यावं लागतं, आणि चुकवलं तर सायकल जाते ती थेट धावत्या वाहनांकडे. म्हणून सायकलवाला रेघेला चिकटून चालवतो. मागच्या चालकाला तेच खुपतं: एवढी लेन मोकळी असताना हा माझ्या अंगावर का येतोय?

रागाचंही मोजमाप झालं आहे. ऑस्ट्रेलियातल्या 442 जणांना संशोधकांनी माकडापासून माणसापर्यंत किंवा झुरळापासून माणसापर्यंत जाणारी चित्रं दाखवली आणि विचारलं, सायकलस्वार यात कुठे बसतो? हेही 2019 मधलंच काम. सायकल न चालवणाऱ्यांपैकी 55 टक्क्यांनी त्याला पूर्ण माणसाच्या जागी ठेवलं नाही. स्वतः सायकल चालवणाऱ्यांतही असे 30 टक्के निघाले. सतरा टक्के लोकांनी गाडी मुद्दाम आडवी घालून सायकलवाल्याला अडवल्याचं कबूल केलं. हे वाचून मी हादरले. अर्ध्या मिनिटाचा उशीर करणारी एक पाठ, एवढंच चालकाला काचेतून दिसतं, चेहरा दिसतच नाही. कोण आहे, कुठे निघालंय, हे कळायच्या आत सिग्नल सुटतो.

पुण्याचं दुखणं वेगळं आहे, पण वाक्य तेच. सायकल ट्रॅकवर दुचाक्या लावलेल्या, पुढे हातगाडी, त्यापुढे ट्रॅकच संपलेला. सायकलवाला मुख्य रस्त्यावर उतरतो आणि मागून हॉर्न येतो, "ट्रॅक दिलाय ना?" मेलबर्नचे आकडे पुण्याला जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण माझं मत दोन्हीकडे एकच आहे. रंगावर खर्च करू नका. चाक चढणार नाही असा कठडा घाला आणि उभ्या गाड्या कठड्याच्या पलीकडे, रस्त्याच्या बाजूला घ्या. म्हणजे चालकानं जागा सोडली की नाही, या प्रश्नावर कुणाचा जीव टांगलेला राहणार नाही.

कठडे व्हायला वेळ लागतो. तोवर इथे मेलबर्नमध्ये 2021 पासून एक कायदा आहे. ताशी 60 किलोमीटरपर्यंतच्या रस्त्यावर सायकलपासून किमान एक मीटर आणि त्याहून वेगवान रस्त्यावर दीड मीटर अंतर ठेवायचं. एवढी जागा देण्यासाठी समोरचा रस्ता स्पष्ट दिसत असेल आणि सुरक्षित असेल, तर चालकाला रस्त्याच्या मधली अखंड पांढरी रेघ ओलांडायचीही मुभा आहे.