संपलं, आटोपलं की कळसाला पोचलं?
इंग्रजी-स्पॅनिश भाषांतरासाठी मजकूर देण्यापूर्वी वाचण्याचं माहितीपत्रक

सप्ताहाची सांगता होते, जेवणं आटोपतात, भांडण मिटतं, मुदत संपते, पाऊस ओसरतो, काम तडीस जातं. मराठीत प्रत्येक शेवटाचं क्रियापद वेगळं, आणि ते निवडताना आपण अडखळत नाही. ‘भांडणाची सांगता झाली’ असं कुणी म्हणत नाही. इंग्रजीत अशीच वाटणी आहे, स्पॅनिशमध्येही आहे, पण दोघींच्या वाटण्या एकमेकींशी जुळत नाहीत. भरीला दोन्ही भाषांनी लॅटिनमधून घेतलेले शब्द दिसायला सख्खे भाऊ. त्यामुळे चूक झाली तरी वाचताना ती चूक वाटत नाही, आणि म्हणूनच ती तपासणीतून निसटते.

निर्यातीची कागदपत्रं, करार, अ‍ॅप, सबटायटल्स किंवा शैक्षणिक दाखले आमच्याकडे देणाऱ्या ग्राहकांनी हे पत्रक एकदा नजरेखालून घालावं. स्पॅनिश शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. उच्चार लॅटिन अमेरिकेतले आहेत, स्पेनमध्ये काही ठिकाणी ‘स’च्या जागी ‘थ’ ऐकू येईल.

कल्मिनेट आणि कुल्मिनार

दोन्ही शब्द लॅटिन ‘कुल्मेन’वरून आले. कुल्मेन म्हणजे शिखर, माथा. खगोलशास्त्रात दोघांचा अर्थ आजही तंतोतंत एक आहे: तारा याम्योत्तर वृत्तावर येऊन आकाशात सर्वांत उंच असणं. रोजच्या वापरात मात्र वाटा फुटतात. देवळाचा कळस सगळ्यांत उंच असतो आणि बांधकामात सगळ्यांत शेवटी चढतो. इंग्रजी कल्मिनेटने त्यातली उंची धरून ठेवली. एखादी गोष्ट वाढत वाढत टोकाला पोचते, तेव्हाच ते शोभतं, आणि ते बहुतेक वेळा अकर्मक असतं. स्पॅनिश कुल्मिनार उंचीही सांगतं आणि नुसता शेवटही. ते सकर्मक चालतं, आणि ‘काम शेवटास नेणं’ हा त्याचा अर्थ स्पॅनिश राजअकादमीच्या कोशातही नोंदलेला आहे.

याचा फटका सर्वांत जास्त शैक्षणिक कागदपत्रांना बसतो. लॅटिन अमेरिकेतल्या दाखल्यावर ‘कुल्मिनो सुस एस्तुदिओस’ असं असेल, तर इंग्रजीत ‘कम्प्लीटेड’ लिहायचं. ‘कल्मिनेटेड हर स्टडीज’ हे इंग्रजी वाचणाऱ्याला विचित्र वाटतं, आणि मूल्यमापन करणारा अधिकारी कागदाकडे संशयाने पाहू लागतो. इथेच आणखी एक काळजी घ्यावी लागते. मेक्सिको आणि पेरूमध्ये ‘एग्रेसादो’ म्हणजे अभ्यासक्रम पूर्ण केलेला, आणि ‘तितुलादो’ म्हणजे पदवी हातात पडलेला. दोघांनाही इंग्रजीत सरसकट ‘ग्रॅज्युएट’ म्हटलं, तर न मिळालेली पदवी मिळाल्याचं लिहिल्यासारखं होतं. अशा जागी आम्ही दोन शब्द वाढले तरी अर्थ उलगडून लिहितो.

उलट दिशेला, इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये येताना, कुल्मिनारच्या मागचं शब्दयोगी अव्यय सांभाळावं लागतं. सोहळ्याचा शेवटचा कार्यक्रम सांगायचा असेल तर ‘कुल्मिनार कोन’. वालेन्सिया शहरातला फायास उत्सव 19 मार्चच्या रात्री ‘क्रेमा’ने, म्हणजे भव्य पुतळे जाळून संपतो. तिथे उत्सवाचा कळस आणि शेवट एकच, म्हणून ‘कुल्मिनान कोन ला क्रेमा’ अगदी चपखल बसतं. पण ‘वाद वाढत जाऊन संप झाला’ अशा वाक्यात आम्ही ‘देसेम्बोकार एन’ पसंत करतो. नदी समुद्राला मिळते तेव्हाचं हे क्रियापद आहे. एका गोष्टीतून दुसरी निघाली एवढंच ते सांगतं, गौरवाची छटा आणत नाही. कुल्मिनारही व्याकरणाने चूक नाही, पण अप्रिय घटनेला कळस चढवल्यासारखं वाटतं.

क्लायमॅक्स म्हणजे शेवट नव्हे

आपल्याकडे सिनेमाविषयी बोलताना ‘क्लायमॅक्स’ म्हणजे शेवटची पंधरा-वीस मिनिटं. याच सवयीने लिहिलेला इंग्रजी कथासारांश आमच्याकडे येतो, तेव्हा आम्हाला विचारावंच लागतं: तुम्हाला कथेचा सर्वांत ताणलेला क्षण म्हणायचा आहे की गाठ सुटण्याची जागा? ग्रीक ‘क्लीमाक्स’ म्हणजे शिडी. जर्मन लेखक गुस्टाव फ्रायटाग यांनी 1863 मध्ये नाटकाचे पाच टप्पे मांडले, त्यात हा परमोच्च बिंदू मध्यावर आहे आणि पुढे उतरण. स्पॅनिशमध्ये ताणाच्या टोकाला ‘क्लीमाक्स’ किंवा ‘पुन्तो कुल्मिनान्ते’ म्हणतात. गाठ सुटून कथा संपते ते ‘देसेन्लासे’, शब्दशः गाठ सोडणं. सारांशात ही अदलाबदल झाली, तर स्पॅनिश वाचकाला कथेची रचनाच वेगळी वाटते.

इंग्रजीत क्लायमॅक्स क्रियापद म्हणूनही चालतं, स्पॅनिशमध्ये त्याचं क्रियापद नाही. ‘आल्कान्सार सु क्लीमाक्स’, म्हणजे ‘परमोच्च बिंदू गाठणं’, अशी मोडणी करावी लागते. अनेकवचनात स्पॅनिश शब्द बदलत नाही, फक्त आधीचं उपपद बदलतं: एल क्लीमाक्स, लोस क्लीमाक्स.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. क्लायमॅक्सला दोन्ही भाषांत लैंगिक अर्थही आहे, आणि अर्जेंटिना, उरुग्वे, चिली इथे ‘आकाबार’ या साध्या क्रियापदालाही बोलीत तोच अर्थ चिकटलेला आहे. स्पेनमध्ये ‘संपवलं’ म्हणायला हाच शब्द सर्रास आणि निर्मळपणे वापरतात. त्यामुळे जाहिरात किंवा अ‍ॅपमधलं वाक्य ब्वेनोस आइरेसला जाणार असेल, तर आम्ही ‘तेर्मिनार’ घालतो. देश कळला नाही तरीही तेर्मिनारच, कारण ते सगळीकडे चालतं.

करारपत्रं: इथे चूक सर्वांत महाग पडते

स्पॅनिश तेर्मिनार घरगुती शब्द आहे. जेवण, गृहपाठ, सिनेमा, सगळं ‘तेर्मिना’. इंग्रजी टर्मिनेट मात्र कडक, कायद्याच्या भाषेतला. माणसाला टर्मिनेट केलं तर स्पॅनिशमध्ये ‘देस्पेदिर’, कामावरून काढणं. करार टर्मिनेट केला तर पुढचा प्रश्न ‘का?’ आणि ‘कोणत्या देशात?’

स्पेनच्या 1889 च्या नागरी संहितेत, कलम 1124 नुसार, एका पक्षाने बंधन पाळलं नाही तर दुसरा करार ‘रेसोल्वेर’ करू शकतो, म्हणजे मोडू शकतो. ‘रेसिसिऑन’ ही तिथे वेगळी गोष्ट आहे: वैध करार, पण त्यातून झालेल्या नुकसानीसाठी तो मागे घेणं. त्याची कलमं 1290 पासून सुरू होतात. स्पेनमधल्या नोकरीच्या कराराला तिसराच शब्द आहे, ‘एक्स्तिन्सिऑन’. कामगार कायद्याच्या कलम 49 चा मथळाच तो आहे. मेक्सिकोत गेलात की चित्र पालटतं. तिथल्या संघीय कामगार कायद्यात कर्मचाऱ्याच्या दोषामुळे मालकाने नोकरी संपवली तर तीच ‘रेसिसिऑन’ (कलम 47), आणि परस्परसंमती किंवा मृत्यू अशा कारणांनी संपली तर ‘तेर्मिनासिऑन’ (कलम 53). म्हणून इंग्रजी मसुद्यात नुसतं ‘टर्मिनेशन’ असेल, तर कोणता कायदा लागू आहे ते सांगणारं करारातलं कलम आधी पाठवा. त्याशिवाय शब्द ठरवता येत नाही.

दुसरा सापळा ‘कन्क्लूड’चा. कायद्याच्या इंग्रजीत ‘कन्क्लूड अ‍ॅन अ‍ॅग्रीमेंट’ म्हणजे करार करणं, तो अस्तित्वात आणणं. त्याला ‘कोन्क्लुइर’ लिहिलं तर वाचणाऱ्याला करार संपल्यासारखं वाटू शकतं. योग्य शब्द ‘सेलेब्रार’. तो पाहून इंग्रजी जाणणाऱ्या ग्राहकांना ‘सेलिब्रेट’ आठवतं आणि ते दुरुस्ती सुचवतात. कृपया ती दुरुस्ती करू नका. स्पॅनिशमध्ये करार ‘साजरा’च होतो.

निर्यातदारांनी ‘कान्सेलादो’ शब्दाकडे विशेष लक्ष द्यावं. कोलंबिया, कोस्टा रिका अशा देशांत बिलावर हा शिक्का म्हणजे ‘पैसे चुकते’. इंग्रजीत ‘कॅन्सल्ड’ असं भाषांतर झालं, तर आलेली रक्कम हिशेबात रद्द बिलापुढे बसते. मेक्सिकोत मात्र ‘फाक्तुरा कान्सेलादा’ म्हणजे खरोखरच रद्द केलेलं बिल. एकच शब्द, दोन उलट अर्थ. बिल कोणत्या देशातून आलं हे कळल्याशिवाय आम्ही या शब्दाला हात लावत नाही.

मुदतीची क्रियापदं त्या मानाने सोपी. स्पेनमध्ये पासपोर्ट आणि खाद्यपदार्थ ‘कादुकान’, लॅटिन अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ते ‘वेन्सेन’. हप्ता किंवा अर्जाची मुदत दोन्हीकडे ‘वेन्से’. ‘एक्सपिरार’ करारांत आणि संगणकाच्या सेशनला चालतं, पण माणसाविषयी आलं तर ते प्राण सोडणं.

‘आकाबार’मागे काय येतं ते बघा

सबटायटल्समध्ये सर्वाधिक चुका इथे होतात, आणि गंमत अशी की मराठी माणसाला हे समजावणं इंग्रजी माणसापेक्षा सोपं जातं. ‘आकाबा दे येगार’ म्हणजे ‘नुकताच आलाय’. यंत्राने केलेलं भाषांतर कधी कधी इथे ‘येणं संपवतो’ असं काहीतरी करतं. हेच ‘आकाबाबा दे येगार’ झालं की ‘नुकताच आला होता’. पण पूर्ण भूतकाळात, ‘आकाबो दे कोमेर’, बहुधा ‘जेवून झालं’ असा अर्थ होतो, ‘नुकताच जेवला’ असा नव्हे. आणि नकार जोडला की चौथाच अर्थ: ‘नो आकाबो दे एन्तेन्देर’ म्हणजे ‘मला अजून नीटसं कळत नाही’.

इंग्रजी ‘एंड अप’ला स्पॅनिशमध्ये ‘आकाबार’ किंवा ‘तेर्मिनार’च्या पुढे चालू क्रियेचं रूप: ‘आकाबो बेन्दियेन्दो ला कासा’, शेवटी घर विकून बसला. आपलं ‘विकून बसला’ इथे इंग्रजीपेक्षा जवळचं आहे. ‘आकाबार कोन’ म्हणजे एखाद्या गोष्टीचा निकाल लावणं, ती नष्ट करणं. आणि ‘से मे आकाबो एल दिनेरो’ हे शब्दशः ‘माझ्याजवळचे पैसे संपले’, ‘मी संपवले’ नव्हे. संपणं आणि संपवणं हा आपला भेद स्पॅनिश ‘से’ लावून दाखवते. इंग्रजी ‘एंड’मध्ये दोन्ही एकाच रूपात दडलेलं असतं, म्हणून कर्ता कोण हे आम्हाला दृश्य पाहूनच ठरवावं लागतं.

‘इट्स ओव्हर’ हे दोन शब्दांचं वाक्य घ्या. सामना संपला असेल तर मेक्सिकोत ‘तेर्मिनो’, स्पेनमध्ये नुकत्याच संपलेल्या सामन्याला ‘आ तेर्मिनादो’. संकट टळलं असेल आणि आई लेकराला जवळ घेत असेल तर ‘या पासो’. प्रेमसंबंध तुटत असतील तर ‘एमोस तेर्मिनादो’. नुसती संवादांची यादी पाठवली तर आम्हाला यातलं काहीच दिसत नाही. व्हिडिओ पाठवा, हलक्या दर्जाची प्रत चालेल.

‘शेवटी’ या शब्दाचंही तसंच. ‘पोर फिन’ म्हणजे वाट पाहून पाहून, सुटकेचा श्वास टाकत, ‘एकदाचा’. ‘आल फिनाल’ म्हणजे ठरवलं होतं एक आणि शेवटी झालं दुसरं. ‘फिनालमेन्ते’ यादीतला अखेरचा मुद्दा सांगायला बरं. इंग्रजी ‘इव्हेंच्युअली’साठी ‘एवेन्त्वालमेन्ते’ मात्र नको. त्याचा रूढ अर्थ ‘प्रसंगी, कदाचित’.

अ‍ॅप आणि संकेतस्थळाची बटणं

इंग्रजी ‘एंड’ला तीन अक्षरं लागतात, स्पॅनिश ‘फिनालिसार’ला नऊ. पूर्ण वाक्यांतही स्पॅनिश मजकूर साधारण पाचव्या हिश्शाने वाढतो, बटणांवर त्याहून बराच जास्त. रचनाकाराला हे आधी सांगितलेलं बरं. ‘फिनिश’ला ‘फिनालिसार’, खरेदी पूर्ण करण्याला ‘फिनालिसार कोम्प्रा’, ‘डन’ला ‘लिस्तो’, लॉग आउटला ‘सेर्रार सेसिऑन’ म्हणजे सत्र बंद करणं. ‘अ‍ॅबॉर्ट’ला वापरकर्त्यासमोर ‘आबोर्तार’ लिहू नये, ‘कान्सेलार’ किंवा ‘इन्तेर्रुम्पिर’ घ्यावं.

सर्वांत जास्त बिघाड करतो तो एकटा ‘कम्प्लीटेड’. इंग्रजीत तो शब्द ऑर्डरलाही लागतो, कामालाही. स्पॅनिशमध्ये ‘पेदिदो’ (ऑर्डर) पुल्लिंगी, म्हणून ‘कोम्प्लेतादो’. ‘तारेआ’ (काम) स्त्रीलिंगी, म्हणून ‘कोम्प्लेतादा’. अनेकवचनात शेवटी ‘स’. प्रोग्राममध्ये एकच मजकूर चार ठिकाणी वापरला असेल, तर त्यातल्या निदान एखाद्या ठिकाणी लिंग किंवा वचन चुकणार. प्रत्येक जागेसाठी वेगळी नोंद ठेवा.

फाइलसोबत काय पाठवावं

मजकूर कोणत्या देशात वाचला जाणार ते. करार असेल तर लागू कायद्याचं कलम. बिल असेल तर ते देणाऱ्याचा देश. अ‍ॅप असेल तर पडद्यांची छायाचित्रं, बटणाला किती अक्षरांची जागा आहे तो आकडा, आणि ‘कम्प्लीटेड’, ‘एंडेड’, ‘एक्सपायर्ड’ या शब्दांपुढे ते कशाविषयी आहेत ते नाम. कथासारांशात क्लायमॅक्स शब्द आला असेल तर तो प्रसंग कथेच्या मध्यावर घडतो की शेवटी, एवढं एका ओळीत समासात लिहा.