गोदावरी : गंगाथडीतलं एक नाव

गेल्या महिन्यात पुतण्याच्या लेकीचं बारसं झालं. नाव ठेवलं गोदावरी. पाळण्याभोवती कुजबुज झाली, "हे तर म्हातारीचं नाव हाय की!" खरंच, आजच्या लहान मुलींत हे नाव मला क्वचितच ऐकू येतं. म्हणून त्याची ही कुळकथा.

'गो' म्हणजे गाय आणि पाणीही. 'दा' म्हणजे देणारी. पुराणकथा गायीकडेच नेते. गौतम ऋषींना गोहत्येचं पाप लागलं, ते धुवायला त्यांनी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर गंगा आणली. म्हणून ती गौतमी, आणि हे नाव मुलींना आजही ठेवतात. पण आमच्या पैठणशी जोडलेली जुनी खूण मला जास्त जवळची वाटते. पैठण म्हणजे सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान. त्यांच्यातल्या हाल राजाच्या नावावर असलेल्या 'गाथासप्तशती'त, महाराष्ट्री प्राकृतात, नदीचं नाव 'गोला' असं येतं. अंगणातून हाक मारावी इतकं साधं.

मग नदीकाठीच हे नाव विरळ का? तर काठावरचा माणूस नदीला गोदावरी म्हणतच नाही. "गंगंला पाणी आलंय," असंच म्हणतो. काठचा मुलूख गंगाथडी, संत जनाबाईंचं गाव गंगाखेड. त्यामुळे घरोघरी गंगाबाई, गंगूबाई झाल्या. गोदावरी हे नाव पोथीतलं, अंघोळीच्या वेळी म्हटल्या जाणाऱ्या 'गङ्गे च यमुने चैव गोदावरि सरस्वति'मधलं. पैठणच्या एकनाथांच्या घरात मात्र दोन्ही नांदली : परंपरा सांगते की त्यांच्या एका मुलीचं नाव गोदावरी, दुसरीचं गंगा. कवी मुक्तेश्वर हे नाथांच्या मुलीचे चिरंजीव.

शास्त्राला हे नाव फारसं मानवलेलं नाही. नक्षत्र, झाड किंवा नदीचं नाव असलेली मुलगी वधू म्हणून करू नये, असं मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात आहे. आमच्या माणसांनी ते मनावर घेतलं नाही, आणि बरंच केलं. 1976 मध्ये जायकवाडी धरणाचं उद्घाटन झालं. त्या पाण्यावर ऊस उभा राहिला, शहरांचे नळ चालले. नदीचं महत्त्व वाढत गेलं, तिचं नाव मात्र पाळण्यातून उतरत गेलं. छोटी, दोन-तीन अक्षरी नावं आवडू लागली, हे एक कारण. दुसरं जुनं आहे : लग्नात ताटातल्या तांदळावर सोन्याच्या अंगठीनं नवं नाव लिहायचं, की माहेरची गोदावरी तिथंच संपायची.

माझ्या आजीचं तसंच झालं. सासरी ती सरस्वती झाली. तिचा पितळी तांब्या मात्र माहेरून आलेला. त्याच्या गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलंय, 'गोदावरी'. 'व'चे दोन ठिपके झिजलेत. बारशाला पाळण्याशेजारी तोच भरून ठेवला होता.