एक्स-रे नॉर्मल, तरी गुडघा दुखतो कशानं?

पोलीस भरतीची चाहूल लागली की यवतमाळ, वाशिम, वर्धा जिल्ह्यांत गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यांवर पहाटेपासून पोरंपोरी धावताना दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण एकट्या लांब धावेचे असतात. त्यामुळे कधीच न धावलेली मुलगी आठवड्याभरात रोज पाच किलोमीटर धावू लागते, आणि महिना-दीड महिन्यात गुडघ्याच्या वाटीभोवती दुखायला लागतं.

दारव्हा तालुक्यातल्या अशाच एका मुलीचं दुखणं पेरणीपासून दिवाळीपर्यंत रेंगाळलं. आधी तेलाची मालिश झाली, मग आजीनं बिब्ब्याचा चटका दिला, त्यानं कातडीवर फोड आले. तालुक्याच्या गावी इंजेक्शन झालं, एक्स-रे झाला. एक्स-रे नॉर्मल. तरी जाता जाता कुणीतरी सांगितलं, गुडघा घासला, आता धावणं सोड. एसटीतून उतरताना ती दांडा धरून आडवी उतरायची, कारण सरळ पायरी उतरली की वाटीखाली कळ यायची. तिचा प्रश्न साधा होता, ‘फोटोत काईच नाई म्हन्ते, त मंग दुखते काऊन?’

तिच्या प्रश्नाचं उत्तर वाटीच्या रचनेत आहे. मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूची शीर, म्हणजे त्याला हाडाशी बांधणारी दोरीसारखी कंडरा, नडगीच्या हाडाला जाऊन मिळते, आणि वाटी म्हणजे त्या शिरेत बसलेलं सुटं हाड. गुडघा वाकला-सरळ झाला की ती मांडीच्या हाडाच्या खोबणीत खालीवर सरकते. तिच्या मागच्या बाजूला कूर्चेचा, म्हणजे सांध्यातल्या गुळगुळीत अस्तराचा, थर असतो, शरीरातल्या सर्वांत जाड थरांपैकी एक. कूर्चेत वेदनेच्या नसा नसतात, त्यामुळे ती स्वतः दुखत नाही. दुखतं ते कूर्चेखालचं हाड, वाटीखालची चरबीची गादी आणि सांध्याभोवतीचं पातळ आवरण. या भागांवर त्यांच्या ऐपतीपेक्षा जास्त भार वारंवार पडला की ते चिडतात. एक्स-रेत हाड दिसतं, ही चीड दिसत नाही. ‘नॉर्मल’ याचा अर्थ हाड मोडलेलं नाही, सांध्याचा आकार बिघडलेला नाही, एवढाच. वेदना खरी असते. वैद्यकात या दुखण्याला पॅटेलोफिमोरल पेन म्हणतात, खेळाडूंमध्ये ‘रनर्स नी’, आणि मुलांपेक्षा मुलींमध्ये ते जास्त आढळतं.

‘घासला’ हा शब्द मला फार घातक वाटतो. तरण्या पोरीला तो एकदा चिकटला की ती जिनाही भीत भीत चढते, मांडी रोडावते आणि वाटीवरचा ताण उलट वाढतो. धावल्यानं गुडघे झिजतात ही समजूतही पुराव्यावर टिकत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात हौशी धावपटूंपैकी ३.५ टक्के लोकांना गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात आढळला, न धावणाऱ्या बैठ्या लोकांपैकी १०.२ टक्क्यांना. स्पर्धेच्या वरच्या पातळीवर वर्षानुवर्षं धावणाऱ्यांत मात्र प्रमाण १३.३ टक्के होतं. म्हणजे प्रश्न मापाचा आहे.

आणि हे माप काढताना आपल्याकडे मोठी चूक होते. पाच किलोमीटर धावताना एकेका पायावर अडीच हजारांच्या आसपास वेळा भार येतो, हे कोणीही मोजेल. पण धावून आल्यावर ती मुलगी काय करते? चहा पिऊन निंदणाला जाते. तासन् तास उकिडवं बसून, तसंच पुढं सरकत. गुडघा जितका जास्त वाकलेला, तितकी वाटी खोबणीत जोरानं दाबली जाते. सपाट रस्त्यावर चालताना वाटीवर शरीराच्या वजनाच्या निम्म्याएवढा दाब येतो, जिना उतरताना तिपटीच्या आसपास, आणि खोल बैठकीत सातपटीपर्यंत, असे जुन्या मोजमापांचे अंदाज आहेत. त्यात घरचं पाणी भरणं, चुलीपुढचं बसणं धरा. दवाखान्यात विचारतात, रोज किती धावतेस? निंदणाचं कोणी विचारत नाही, आणि तीही सांगत नाही, कारण तिच्या लेखी ते रोजचंच काम. माझं कळकळीचं सांगणं आहे, गुडघा दाखवायला जाल तेव्हा पहाटेपासून रात्रीपर्यंतचं सगळं काम सांगा. सोयाबीनची सोंगणी, कपाशीचं निंदण, सगळं. निदानाला त्याची एक्स-रेपेक्षा जास्त मदत होते.

या मुलीला शेवटी जिल्ह्याच्या गावी एक फिजिओथेरपिस्ट भेटली. तिनं वीतभर उंच पायरीवर एका पायावर उभं करून दुसरा पाय हळू खाली टेकवायला सांगितला. दुखऱ्या बाजूचा गुडघा थरथरत आत, दुसऱ्या पायाकडे वळला. कुल्ह्याच्या बाजूचे स्नायू कमजोर असले की मांडी अशी आत कलते आणि वाटीच्या एका कडेवर जास्त दाब येतो. म्हणून गुडघा दुखत असला तरी व्यायाम मांडीबरोबर कुल्ह्याचाही करायचा. या दुखण्याच्या उपचारांत आज सर्वांत भक्कम पुरावा याच जोडीला आहे. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं, भिंतीला पाठ टेकून अर्धवट बसणं, ठेंगण्या पायरीवर चढउतार. दिवसाआड, सहा ते बारा आठवडे. पहिल्या पंधरवड्यात फरक दिसला नाही म्हणून बरेच जण सोडून देतात, तिथंच घात होतो. हे दुखणं दुर्लक्षिलं तर वर्षानुवर्षं रेंगाळू शकतं. शेकण्याच्या मशिनी आणि विजेचे झटके यांचा टिकाऊ उपयोग दिसलेला नाही. चिकटपट्टीनं वाटीला आधार दिला तर थोडे दिवस बरं वाटतं, व्यायाम करायला तेवढं पुरतं.

धावणं पूर्ण बंद करायची गरज बहुतेकदा नसते. नव्या गोऱ्ह्याला कोणी पहिल्याच दिवशी दिवसभर वखराला जुंपत नाही, तोच हिशेब इथं लावायचा. दुखणं दहापैकी दोन-तीनपर्यंत राहिलं आणि दुसऱ्या सकाळी पूर्ववत झालं, तर तेवढी धाव चालते. त्याहून जास्त दुखलं तर अंतर कमी करा, आणि निंदणाच्या दिवशी धाव ठेवू नका. पावलं थोडी आखूड आणि मिनिटाला पाच ते दहा टक्के जास्त टाकली तरी गुडघ्यावरचा भार कमी होतो. त्याला पैसा लागत नाही.

गोळी खाऊन धावू नका. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात घामानं अंग कोरडं पडलेलं असताना तर मूत्रपिंडाला गंभीर इजा होऊ शकते.

गुडघा सुजला, अडकला, चालताना दगा देऊ लागला, ताप आला, रात्री दुखण्यानं जाग येऊ लागली किंवा हाडावर एका बोटाएवढ्या जागी ठणका असेल, तर व्यायाम करत न बसता हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि वर्ध्याजवळ सावंगी मेघेला फिजिओथेरपीचं शिक्षणही चालतं, त्यामुळे तिथं डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट दोघंही भेटतात.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट तपासलीच पाहिजे, ती म्हणजे सिकलसेल, तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होणारा आनुवंशिक आजार. पूर्व विदर्भात, विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया भागात, आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या समाजांत हा आजार बराच आहे. ‘एसएस’ पॅटर्नच्या, म्हणजे आईवडील दोघांकडून दोष आलेल्या, रुग्णात बारीक रक्तवाहिन्या तुंबून हाडं दुखतात, आणि खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला तर त्याचं दुखणं कधीकधी गुडघ्यात जाणवतं. गुडघ्याचा एक्स-रे तेव्हाही नॉर्मलच येतो. ‘एएस’ म्हणजे एकाकडूनच दोष आलेल्या वाहकाला सहसा काही त्रास नसतो, पण उन्हात, तहानलेल्या अंगानं जीव तोडून धावताना क्वचित स्नायू फुटून माणूस कोसळू शकतो. पहिली चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. पॅटर्न ‘एएस’ निघाला तर धावणं सोडायचं कारण नाही. प्रशिक्षकाला तसं सांगून ठेवा, पहाटेच धावा, पाणी पीत राहा, आणि पाय विचित्र जड झाले किंवा स्नायू ठणकू लागले तर फेरी अर्धी टाकून थांबा.