गॅसची गोळी आणि थांबलेली पाळी

सकाळी तर्री-पोहे, रात्री सावजी आणि उशाशी गॅसच्या गोळ्यांची पट्टी. नागपुरात हे समीकरण घरोघरी ओळखीचं आहे. ती पट्टी एकदा उलटी करून बारीक अक्षरं वाचा. पॅन्टोप्राझोल ४० मिग्रॅ, डॉम्पेरिडोन ३० मिग्रॅ. किंवा रॅबेप्राझोल २०, लेव्होसल्पिराइड ७५. पहिलं औषध ॲसिड कमी करतं. दुसरं डोपामाइनचं काम अडवतं, त्यामुळे जठर लवकर रिकामं होतं आणि मळमळ थांबते.

हे दुसरं औषध महिनोन्‌महिने घेत राहिलं, की कुणाची पाळी लांबत लांबत बंद होते, मूल न झालेल्या मुलीच्या स्तनांतून दूध येतं, पुरुषाची कामेच्छा मंदावते. मग धंतोलीत एका दवाखान्यात पोटाची फाइल, दुसऱ्यात पाळीची. दोन्ही फाइली एका टेबलावर येतच नाहीत.

डोपामाइन म्हणजे ‘आनंदाचं रसायन’ हे वाक्य मोबाइलवर इतकं फिरलंय, की दोन दिवस फोन बंद ठेवून ‘डोपामाइन डिटॉक्स’ करण्याची टूम निघाली. फोन जरूर बाजूला ठेवा, पण डोपामाइन काही साचलेला कचरा नाही. ते एक निरोप्या रेणू आहे, आणि निरोपाचा अर्थ तो कुठे पोचतो त्यावर ठरतो. मेंदूच्या एका भागात तो हालचाली सुरळीत ठेवतो. तिथल्या पेशी मरू लागल्या की पार्किन्सन होतो. दुसऱ्या भागात तो हवंहवंसं वाटण्याशी जोडलेला आहे. तिसरा मार्ग जेमतेम काही मिलिमीटरचा, मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसपासून त्याखालच्या पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीपर्यंतचा. सगळी गंमत तिथे आहे.

पीयूषिकेच्या बहुतेक संप्रेरकांना हायपोथॅलॅमसकडून ‘सोड’ असा हुकूम लागतो. दूध तयार करवणाऱ्या प्रोलॅक्टिनचं उलटं आहे. त्या पेशी आपणहून प्रोलॅक्टिन सोडत राहतात आणि डोपामाइन त्यांना सतत रोखून धरतं. म्हणूनच हायपोथॅलॅमस आणि पीयूषिका यांना जोडणारा देठ दुखावला, तर इतर संप्रेरकं घटतात आणि प्रोलॅक्टिन मात्र वाढतं. हायपोथॅलॅमसमधून डोपामाइन बारीक रक्तवाहिन्यांच्या खास जाळ्यात उतरतं, खाली येऊन पेशीवरच्या डी-२ ग्राहीला, म्हणजे डोपामाइनचा निरोप घेणाऱ्या जागेला, चिकटतं. पेशीच्या आत निरोप पुढे नेणारं सायक्लिक एएमपी घटतं, पोटॅशियमच्या वाटा उघडतात, कॅल्शियमच्या मिटतात. कॅल्शियम आत आलं नाही, की प्रोलॅक्टिनने भरलेल्या पिशव्या पेशीच्या कडेशी फुटत नाहीत. डॉम्पेरिडोन नेमकं त्या डी-२ वर जाऊन बसतं. ब्रेक सुटतो. वाढलेलं प्रोलॅक्टिन एरवी हायपोथॅलॅमसला ‘आणखी डोपामाइन पाठव’ असं सुचवतं. आताही सुचवतं, पण आलेल्या डोपामाइनला बसायला जागाच नसते.

पुढे हे प्रोलॅक्टिन हायपोथॅलॅमसमधल्या, पाळीचं चक्र चालू ठेवणाऱ्या किसपेप्टिन पेशींना दाबतं. पीयूषिकेला हुकूम देणाऱ्या जीएनआरएच या संप्रेरकाचे ठरावीक ठोके विस्कटतात, बीजकोशाला चालना देणारी तिची एलएच आणि एफएसएच ही संप्रेरकं घटतात, बीज सुटत नाही. अंगावर पाजणाऱ्या आईची पाळी लांबते ती बऱ्याच अंशी याच वाटेने.

डॉम्पेरिडोन तर मेंदूत फारसं शिरत नाही असं म्हणतात, ते खरंच आहे. पण मेंदू आणि रक्त यांच्यामधली गाळणभिंत पीयूषिकेपाशी नाही, उलटीची जाणीव घेणाऱ्या केंद्रापाशीही नाही. म्हणून उलटी थांबते आणि प्रोलॅक्टिनही वाढतं. उलटीवरचंच दुसरं औषध मेटोक्लोप्रमाइड मात्र ती भिंत ओलांडतं, लेव्होसल्पिराइडही आत पोचतं. त्यामुळे वयस्कर माणसाचे हात थरथरतात, चाल मंदावते आणि पार्किन्सनचा शिक्का बसतो. तरुण मुलांमध्ये मेटोक्लोप्रमाइडच्या इंजेक्शननंतर, बहुधा पहिल्या दोन दिवसांत, मान एका बाजूला वळते, डोळे वर जातात, जबडा आवळतो. याला कुणी बाहेरची बाधा म्हणून लिंबू उतरवत बसू नये. इस्पितळात प्रोमेथाझिनसारखं इंजेक्शन दिलं, की बहुतेकदा काही मिनिटांत मान सरळ होते.

प्रोलॅक्टिनची तपासणी साधी आहे, पण चुकते सहज. झोपेतून उठल्या उठल्या रक्त देऊ नये, कारण झोपेत पातळी चढते. सुई टोचण्याच्या ताणानेही वाढते, म्हणून आधी थोडा वेळ शांत बसावं. साधारणपणे बायकांमध्ये २५ आणि पुरुषांमध्ये २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आत असतं. वाढलेलं निघालं, तर गर्भधारणा आणि थायरॉइड तपासावं. डॉक्टरांना विचारून पोटाचं औषध ३ दिवस थांबवून पुन्हा रक्त द्यावं. पुष्कळदा पीयूषिकेत गाठ आहे का हे पाहणाऱ्या एमआरआयचा खर्च तिथेच वाचतो. मानसिक आजारावरच्या रिस्पेरिडोनसारख्या गोळ्यांनीही प्रोलॅक्टिन वाढतं, पण त्या स्वतःहून मुळीच बंद करू नयेत. आजार उलटतो.

पीयूषिकेत खरोखर प्रोलॅक्टिन सोडणारी गाठ असेल, तर बहुधा कॅबरगोलिन हे औषध देतात. ते डी-२ वर डोपामाइनसारखंच काम करतं. सुरुवात बहुधा आठवड्यातून २ वेळा पाव मिलिग्रॅमने होते. काही जणांना त्याने जुगाराची, वारेमाप खरेदीची अनावर ओढ लागते. हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावं, कारण रुग्णाला स्वतःला ते औषधामुळे होतंय असं वाटत नाही. आणि कॅबरगोलिन चालू असताना गॅसची जुनी पट्टीही चालू राहिली, तर एकाच डी-२ वर एक औषध ब्रेक दाबतं आणि दुसरं तो सोडवतं. म्हणून पाळीच्या डॉक्टरकडे जाताना गॅसची पट्टीही सोबत न्या.