उपचारमार्ग (सीओपीडी)

रुग्ण दाखल झाल्यापासून घरी जाईपर्यंत कोणता उपचार, कधी आणि कोणी करायचा, याचा पुराव्यावर आधारलेला लेखी क्रम म्हणजे उपचारमार्ग. ही पद्धत १९८०च्या दशकात अमेरिकेतील रुग्णालयांत रुजली. सीओपीडीत, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या आजारात, धाप अचानक वाढून रुग्ण येतो तेव्हा या पद्धतीचा खरा उपयोग होतो.

आखणी जुन्या केसपेपरांपासून सुरू करावी. मागच्या हिवाळ्यातले पेपर काढून ऑक्सिजन किती लिटरवर होता, एबीजी (धमनीतल्या रक्तातील वायूंची तपासणी) किती वेळाने झाली, स्टेरॉइड किती दिवस चालले, हे पाहावे. पुरावा आणि पेपर जिथे जुळत नाहीत, तिथे वेळ आणि जबाबदार व्यक्ती नेमून द्यावी. परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट यांना न विचारता लिहिलेला मार्ग फायलीतच राहतो.

सर्वांत घातक चूक ऑक्सिजनची. ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णाचे सॅच्युरेशन (रक्तातील ऑक्सिजनची टक्केवारी) ९८ दिसले की नातेवाईक सुटकेचा श्वास घेतात, पण यातल्या काही रुग्णांत त्याच वेळी कार्बन डायऑक्साइड साचत असतो आणि रुग्ण गुंगीत जातो. लक्ष्य ८८ ते ९२ टक्के ठेवावे, त्यासाठी २४ किंवा २८ टक्क्यांचा व्हेंचुरी मास्क (ठरावीक प्रमाणातच ऑक्सिजन देणारा) वापरावा आणि औषधाची वाफ शक्यतो ऑक्सिजनऐवजी हवेच्या कॉम्प्रेसरवर द्यावी. टास्मानियातील २०१०च्या चाचणीत रुग्णवाहिकेपासूनच ऑक्सिजन मोजून दिलेल्या रुग्णांत मृत्यू कमी झाले. म्हणून सुरगाणा, पेठहून नाशिकला रुग्ण आणणाऱ्या १०८च्या पथकालाही मार्गात धरावे.

श्वासनलिका रुंदावण्यासाठी वाफेतून सालब्युटामॉल २.५ मिग्रॅ व इप्राट्रोपियम ५०० मायक्रोग्रॅम. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज ४० मिग्रॅ, फक्त ५ दिवस. ते १४ दिवस दिल्याने जास्त फायदा होत नाही, हे २०१३च्या स्विस चाचणीने दाखवले. बेडका पिवळा-हिरवा झाला असून धाप किंवा बेडक्याचे प्रमाणही वाढले असेल, तर प्रतिजैविक. एबीजीत रक्ताचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) ७.३५ किंवा कमी आणि कार्बन डायऑक्साइड ४५ मिमी पाऱ्याच्या वर असेल तर बायपॅप (मास्कमधून दाबाने श्वासाला मदत करणारे यंत्र) लावून तासाभरात एबीजी पुन्हा करावी. ही दुसरी एबीजी हमखास राहून जाते.

नाशिक जिल्ह्यात निदानच आधी तपासावे लागते. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या, कधी विडी न ओढलेल्या बाईच्या पेपरवर नुसते ‘दमा’ लिहिलेले असते; कुणाला पूर्वी क्षय झालेला असतो. छातीचा एक्स-रे आणि संशय असल्यास थुंकीची सीबीनॅट (क्षयाची जनुकीय चाचणी) मार्गातच असावी. प्रकृती स्थिरावल्यावर स्पायरोमेट्री (फुंकून करायची श्वासाची चाचणी) करावी: श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यानंतरही एफईव्ही१ (पहिल्या सेकंदात जोरात बाहेर पडलेली हवा) व एफव्हीसीचे (पूर्ण श्वासात बाहेर पडलेली एकूण हवा) गुणोत्तर ०.७०च्या खाली राहणे, हा निकष.

घरी सोडताना पंप रुग्णाच्या हातात देऊन वापरून दाखवायला सांगावे. काही जण पंपात घालायची कॅप्सूल गिळतात, काही यंत्रात फुंकतात. ४ आठवड्यांत फुप्फुस पुनर्वसन (देखरेखीखालचा व्यायाम व शिक्षण) सुरू व्हावे. एसटीने दर खेपेला शहरात येणे जमत नसेल तर घरचा चालण्याचा कार्यक्रम आणि फोन. घरच्या ऑक्सिजनचा कायमचा निर्णय घरी सोडण्याच्या दिवशी घेऊ नये. ६० ते ९० दिवसांनी विश्रांतीत धमनीच्या रक्तातील ऑक्सिजनदाब ५५ मिमी पारा किंवा कमी असेल, तर ऑक्सिजन रोज किमान १५ तास द्यावा. वीज गेली की कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे यंत्र) बंद पडतो, त्यामुळे भरलेला सिलिंडरही लागतो.

मार्ग सोडून उपचार केल्यास कारण पेपरवरच लिहावे. दर महिन्याला ही कारणे आणि ३० दिवसांत पुन्हा दाखल झालेल्यांची संख्या एकत्र पाहून मार्ग सुधारतात.