कॅटेगरी सोडा, वाऱ्याची दिशा बघा

वादळ येतंय म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: कॅटेगरी किती? मुलगा-सून फ्लोरिडात असतील तर पुण्या-ठाण्यातले आईवडीलही आता हाच आकडा विचारतात. चार-पाच म्हणजे निघा, एक-दोन म्हणजे बसा घरात. हा हिशेब चुकीचा आहे, आणि तिथल्या टँपा शहराला 2024 साली तेरा दिवसांत दोनदा त्याचा अनुभव आला.

26 सप्टेंबरला हेलीन हे चक्रीवादळ टँपापासून दीडशे किलोमीटरहून दूर, समुद्रातूनच उत्तरेकडे निघून गेलं. तरी खाडीकाठी सहा फुटांहून जास्त पाणी चढलं. टँपाशेजारच्या पिनेलस काउंटीत (काउंटी म्हणजे जिल्हा) 12 जण दगावले, बहुतेक पाण्यात बुडून. मग 9 ऑक्टोबरला मिल्टन आलं. दोन दिवस आधी ते कॅटेगरी पाच होतं. टँपाच्या खाडीसाठी 10 ते 15 फूट उधाणाचा, म्हणजे वादळामुळे किनाऱ्यावर चढणाऱ्या पाण्याचा, इशारा होता. महापौर जेन कॅस्टर यांनी तर टीव्हीवर स्पष्ट सांगितलं होतं की धोक्याच्या भागात थांबलात तर मराल. मिल्टन खाडीच्या तोंडाच्या दक्षिणेला सुमारे 40 किलोमीटरवर, सिएस्टा की इथं किनाऱ्यावर चढलं आणि टँपाच्या खाडीतलं पाणी चढायच्या ऐवजी ओसरलं!

कॅटेगरी फक्त वाऱ्याचा वेग सांगते. पूर्वी तिच्यासोबत उधाणाची उंचीही दिलेली असायची. लोकांची दिशाभूल होते म्हणून 2010 पासून अमेरिकेच्या नॅशनल हरिकेन सेंटरनं ती काढून टाकली. मग उधाण ठरतं कशावर? कमी दाबामुळे समुद्र वर ओढला जातो, असं पुष्कळांना वाटतं. तो भाग किरकोळ आहे. दाब एक मिलिबारनं उतरला की पाणी साधारण एक सेंटिमीटर फुगतं. मिल्टनच्या केंद्रातला दाब 900 मिलिबारच्या खाली गेला होता, नेहमीचा असतो 1013. म्हणजे भर समुद्रातही फुगवटा सव्वा मीटरच्या आतबाहेर.

खरं काम वारा करतो. वाहता वारा पाण्याच्या पृष्ठभागाला घासतो आणि पुढे रेटतो. समोर किनारा आला की पाणी तिथं साठतं आणि समुद्राचा पृष्ठभाग तिरका होतो. हा उतार किती? वाऱ्याचा जोर भागिले पाण्याची घनता, गुरुत्वाकर्षण आणि खोली यांचा गुणाकार. सूत्रात खोली भाजकात आहे, आणि सगळी मेख तिथंच आहे. ताशी 144 किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला 40 मीटरचा वारा घ्या. तो दर चौरस मीटर पाण्यावर अंदाजे चार न्यूटन बल लावतो. पाणी 100 मीटर खोल असेल तर पृष्ठभाग किलोमीटरमागे चार मिलिमीटर चढतो. 10 मीटर खोल असेल तर चार सेंटिमीटर. 50 किलोमीटर उथळ पाण्यावरून असा वारा वाहत राहिला की किनाऱ्याशी दोन मीटर पाणी झालं, लाटा वेगळ्या. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. फ्लोरिडाच्या पश्चिमेचा भूखंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा पाण्याखालचा भूभाग, रुंद आणि उथळ आहे, त्यामुळे तिथला किनारा उधाणाला फारच सोयीचा.

आता दिशा. उत्तर गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं. पश्चिमेकडच्या समुद्रातून ते जमिनीवर आलं, तर केंद्राच्या दक्षिणेला वारा समुद्राकडून जमिनीकडे आणि उत्तरेला जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. टँपा मिल्टनच्या केंद्राच्या उत्तरेला पडलं, म्हणून खाडी रिकामी झाली; पाणी दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर चढलं, पाच ते दहा फूट. हेलीन दूरच होतं, पण प्रचंड पसरलेलं, आणि टँपा त्याच्या पूर्वेला. तिथं दक्षिणेचा वारा तासन्‌तास वाहत राहिला. पृथ्वी फिरत असल्यामुळे असं रेटलेलं पाणी वाऱ्याच्या उजवीकडे वळतं आणि दक्षिणेच्या वाऱ्याची उजवी बाजू म्हणजे पूर्व, म्हणजे थेट किनारा. ही भूमिती आपल्या कोकणालाही लागू आहे, कारण आपलाही समुद्र पश्चिमेला. 3 जून 2020 रोजी निसर्ग वादळ रायगडात उतरलं आणि मुंबई त्याच्या उत्तरेला राहिली.

टँपात एक जुनी समजूत आहे. तिथल्या टोकोबागा या मूळ रहिवाशांची प्राचीन टेकाडं शहराची राखण करतात, कोकणातल्या राखणदारासारखी, म्हणून वादळं वळसा घालून जातात म्हणे. 1921 साली दहा फुटांच्या वर उधाण आलं तेव्हा ही टेकाडं कुठं गेली होती, ते विचारू नये.

तर निघायचं की थांबायचं? वाट कुठली असेल याच्या अंदाजात चोवीस तास आधीही सरासरी 50 किलोमीटरची चूक असते. टँपा वाचलं ते 40 किलोमीटरनं. आणि पिनेलससारखं द्वीपकल्प मोजक्या पुलांवरून रिकामं करायचं, तर एका दिवसात ते होत नाही. वारा वाढला की पूलच बंद. म्हणून मिल्टनच्या वेळी घरं सोडण्याचा हुकूम 7 ऑक्टोबरलाच काढावा लागला, पाणी येणार की जाणार हे कळायच्या कितीतरी आधी. कोरड्या घरात परतलेला माणूस ‘उगाच पळालो’ म्हणतो. पण ज्या माहितीवर त्यानं निर्णय घेतला, तिच्या आधारे पळणंच बरोबर होतं.

पळण्यालाही किंमत असते. 2005 साली रीटा वादळाच्या वेळी ह्यूस्टन परिसरातून वीस लाखांहून जास्त लोक एकदम निघाले, उन्हात महामार्ग तुंबले, आणि वादळापेक्षा या पळापळीतच जास्त माणसं गेली. म्हणून फ्लोरिडाचे अधिकारी सांगतात: शेकडो मैल नको, काही मैल आत जा. तिथं पाण्यापासून पळायचं आणि वाऱ्यापासून लपायचं, असं धोरण आहे. टँपा परिसरात उधाणाचा धोका असलेल्या प्रत्येक पत्त्याला ए ते ई असं एक क्षेत्र दिलेलं असतं, आणि ते मुख्यतः उधाणाच्या गणितावरून ठरतं, कॅटेगरीच्या बातमीवरून नाही. तुमचं क्षेत्र पुकारलं की निघायचं. क्षेत्राबाहेरचं पक्कं घर असेल तर राहायला हरकत नाही. अपवाद दोन: मोबाइल होममध्ये, म्हणजे हलवता येणाऱ्या हलक्या घरात, राहणाऱ्यांनी क्षेत्र कुठलंही असलं तरी निघायचं, आणि घरात ऑक्सिजनच्या यंत्रावर कुणी असेल तर पाणी येवो न येवो, वीज नक्की जाणार हे धरून चालायचं.